भोंडल्याचा उलटा फेरा

सुमित्राताई केळुसकर यांची आणि माझी ओळख झाली, ती त्या आमच्या भोंडल्यात मोठ्याने ओरडल्या म्हणून. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी का, यावर मी बराच विचार केला. पण ताईंना गुळमुळीत बोललेलं आवडत नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या संध्याकाळी त्या ओरडल्या नसत्या तर माझं पुढचं आयुष्य वेगळ्याच वळणाने गेलं असतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी, नवरात्राचे दिवस. अंगणात तळमजल्यावरच्या गोरेकाकूंनी पाटावर खडूने हत्ती काढला होता आणि आम्ही मुली एकमेकींचे हात धरून त्याच्याभोवती फेर धरत होतो. मी तेरा वर्षांची होते. ताई नुकत्याच तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत एवढं सगळ्यांना समजलं होतं, पण तो शब्द कुणाला धड म्हणता येत नसल्यामुळे सोसायटीत त्यांचा उल्लेख ‘तिसऱ्या मजल्यावरच्या व्यायामवाल्या बाई’ असा होई.

खिरापतीचा डबा घेऊन त्या खाली आल्या आणि फेराकडे बघत उभ्या राहिल्या. गाणं रंगात आलं होतं. तेवढ्यात त्या एकदम ओरडल्या, “मुलींनो, आता उलटं फिरा बरं!”

गाणं थांबलं. गोरेकाकूंच्या कपाळाला आठी पडली. “अहो, भोंडल्यात उलटं नाही फिरत.”

“कोण म्हणतं?”

“कोण म्हणजे काय? पद्धत आहे!”

“मग आज हत्तीलाच विचारू या,” ताई म्हणाल्या आणि पाटाकडे कान करून उभ्या राहिल्या. “नाही म्हणत नाहीये तो.”

आम्ही मुली खिदळलो आणि खरोखरच उलट्या दिशेने चालू लागलो. दोन-चार पावलांतच साखळीला हिसके बसायला लागले. माझ्या मागची, माझ्याच वर्गातली सुजाता वैतागली, “नंदू, नीट चाल ना गं! हात का ओढतेस?”

“मी नाही ओढत. तूच रखडतेस.”

“मी? वाट लावतेस तू फेराची!”

ताई फेराकडेच बघत होत्या. पुढे खिरापत ओळखायची वेळ आली, त्यांनी डबा हलवला, तो खडखडला. आम्ही चिक्कीपासून शेवेपर्यंत सगळं सांगून पाहिलं. निघाले मालवणी खडखडे लाडू, जे आमच्या सोसायटीत त्याआधी कुणी पाहिलेही नव्हते. माझ्या हातावर लाडू ठेवताना ताईंनी सहज विचारलं, “फ्रॉकची ही बाजू वर कशी गं?”

“टेलरने बिघडवलाय,” मी म्हटलं.

“हो का? आणि शाळेचा युनिफॉर्म?”

“तो दुसऱ्या टेलरने बिघडवलाय.”

टेलरांची ही गोष्ट सांगायलाच हवी. वर्षभर माझ्या प्रत्येक कपड्याचा घेर एका बाजूला उचललेला दिसत होता. आमची आई शिवणाच्या बाबतीत कडक. तिने आधी छगनभाईंना धारेवर धरलं, मग त्यांना सोडून स्टेशनजवळचा टेलर धरला, मग तोही सोडला. छगनभाई बिचारे सांगत, “बेन, कपडा बरोबर छे, बेबी सीधी उभी नथी रेती.” त्यावर आई मला दटावे, “सरळ उभी राहा!” शाळेत सिस्टर फिलोमिना तेच म्हणत. आमची कॉन्व्हेंट शाळा, तिथे ऐटीत चालण्या-बसण्याला फार महत्त्व. पाठ वाकडी दिसली की डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालवत. माझं पुस्तक तिसऱ्या पावलाला पडे. मी आळशी आहे, पोक काढून चालते, असं सगळ्यांचं ठरलं होतं आणि हळूहळू माझंही तसंच ठरत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आमच्याकडे आल्या. आईने चहा केला. ताईंनी आडवळण न घेता सांगितलं की नंदूच्या पाठीचा कणा एकदा बघायला हवा. आईचा चेहरा बदलला.

“तुम्ही कालपरवा राहायला आलात आणि माझ्या मुलीत खोट काढता?”

“खोट नाही हो काढत. बघा म्हणते.”

“धडधाकट आहे ती. कुठे दुखत-खुपत नाही.”

“दुखत नाही, म्हणूनच राहून जातं,” ताई म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. “मी बघत नाही. तुम्ही बघा. तिचा झंपर वर करा, पाय जुळवून तिला पुढे वाकायला सांगा, हात लोंबू देत. आणि मागून पाठीच्या रेषेत बघा.”

आईने घुश्शातच तसं केलं. मी वाकले. मला फक्त फरशी दिसत होती. मी मान वळवून पाहिलं तर आई जमिनीवर बसली होती. माझ्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आली होती, छोट्या टेकडीसारखी.

“हे कधी झालं?” आई म्हणाली. “मी तिला न्हाऊ घालत होते तोपर्यंत तर...”

ताई आता वळल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. “सगळ्या आयांचं असंच होतं. मुलगी मोठी झाली की दार लावून आंघोळ करते. तिची पाठ कुणालाच दिसत नाही, तिला स्वतःलाही नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझंही नाही. दप्तराचंही नाही आणि टेलरचं तर नाहीच नाही.”

आळशी नसल्याचं प्रशस्तिपत्र मला त्या दिवशी मिळालं. पुढे बक्षिसं पुष्कळ मिळाली, पण तसा आनंद कशाचाच झाला नाही.

मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे झाला. या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात, हे तिथे कळलं. डॉक्टरांनी ते भराभर सांगितलं. ताईंनी घरी येऊन सावकाश सांगितलं. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला ओला टॉवेल घेतला, दोन्ही टोकांना धरून किंचित पिळला. “कणा नुसता एका बाजूला झुकत नाही, असा पिळतोही. त्याला चिकटलेल्या बरगड्या त्याच्याबरोबर फिरतात, म्हणून पाठीला उंचवटा. एक खांदा वर, कमरेची एक बाजू सपाट, दुसरीला खळगा. आता चालताना बघ. आपण पाय टाकतो तेव्हा कंबर थोडी एकीकडे फिरते, खांदे थोडे दुसरीकडे. पिळलेल्या पाठीला ते दोन्हीकडे सारखं जमत नाही. म्हणून एक हात कमी हलतो, एक पाऊल किंचित आखूड पडतं. शरीर हुशार असतं, ते गुपचूप जुळवून घेतं. बहुतेकांच्या चालण्यात हा फरक इतका बारीक असतो की सरळ रस्त्यावर मलाही दिसत नाही.”

“मग भोंडल्यात कसा दिसला?” मी विचारलं.

“तुझा एक खांदा वर दिसला, फ्रॉक तिरका दिसला. पण फेर एकाच बाजूने फिरत होता, मला तुझी एकच बाजू दिसत होती. म्हणून तुमच्या हत्तीला उलटं फिरवलं.”

डॉक्टरांनी पट्टा सांगितला होता. माझी वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षं, रात्रंदिवस घालायचा, फक्त आंघोळीला आणि व्यायामाला काढायचा. नाही घातला आणि बाक वाढत गेला तर पुढे ऑपरेशन. बाबांनी ताईंना विचारलं, “पट्ट्याने सरळ होईल ना?” ताई म्हणाल्या, “सरळ होईल असं मी नाही सांगणार. आहे तिथे थांबावा म्हणून आपण झटायचं.” बाबांना ते उत्तर आवडलं नाही. मला मात्र, का कोण जाणे, आवडलं. ताईंनी पुढेही कधी कुणाला खोटी आशा दाखवलेली मी पाहिली नाही. महिन्याभरात पाठ सरळ करून देतो म्हणणारे तेव्हाही उपनगरात गल्लोगल्ली होते. ताईंच्या दवाखान्यातून लोक नाराज होऊन तिकडे जात आणि काही महिन्यांनी परत येत. ताई त्यांना “कुठे होतात?” असं विचारत नसत. “या, बसा,” एवढंच म्हणत.

पट्टे बनवणारे युसुफभाई साकीनाक्याला. लोखंडी पट्ट्या कापणाऱ्या, रबर ओतणाऱ्या कारखान्यांच्या गर्दीत त्यांचा छोटासा गाळा. तिथे माझ्याबरोबर घाटकोपरची विजया होती, माझ्याच वयाची, माझ्याच दुखण्याची. तिची आई मालवणची, वडील गिरणीत. ती माउली ताईंना बघताच लेकीकडे बोट दाखवत म्हणाली, “बाई, माझ्या चेडवाक कोणाची नजर लागली काय ओ?”

ताई तिकडच्याच. त्या लगेच मालवणीत उतरल्या, “नजर काढूची तर काढा, मिरची-मीठ ओवाळा. पण पट्टो चुकवू नका हां. मिरचेन कणो नाय थांबाचो.” दोघीही हसल्या आणि विजयाचा पट्टा ठरला.

पट्टा तयार झाला तो दिवाळीनंतर. कमरेला घट्ट चामड्याचा साचा, त्यातून वर निघालेल्या धातूच्या पट्ट्या आणि गळ्याभोवती कडं. हनुवटी वर, मान समोर. आरशात मी मला ओळखलं नाही. विजयाने मात्र स्वतःकडे बघून म्हटलं, “झकास! आता मला कोणी मान खाली घाल म्हणूच शकत नाही.”

ताईंची एक गोष्ट इथे सांगते, कारण ती त्यांच्या तोंडून तुम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही. आमचे पट्टे तयार होण्याआधी त्यांनी युसुफभाईंकडून स्वतःच्या मापाचा एक करून घेतला होता आणि आठवडाभर तो साडीवर घालून त्या वावरल्या. त्यांनी पोळ्या केल्या, बसने नाहूरच्या बाजूच्या आपल्या दवाखान्यात गेल्या, भाजी आणली. भाजीवाली म्हणाली, “अगं बाई, ॲक्सिडेंट झाला काय?” गोरेकाकूंना वाटलं, व्यायाम करून करून बाईंनी मान मोडून घेतली. आठवड्याने ताई आम्हा दोघींना म्हणाल्या, “जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायला गुडघ्यात बसा, वाकायला जाऊ नका. ताट थोडं उंचावर ठेवा, नाहीतर आमटी अंगावर. चामड्याखाली सुती गंजी, शिवण उलटी, म्हणजे काचत नाही. आणि देवासमोर वाकून नमस्कार होत नाही, तो उभ्यानेच करा. देवाला चालतो, मी विचारलंय.”

“हत्तीला विचारलं तसं?” मी म्हटलं.

“अगदी तसंच.”

शाळेत पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळ्या वर्गाने पाहिलं नाही असं दाखवलं. दुसरं जास्त लागलं. पण आठवडाभरातच एक गंमत झाली. चालण्याच्या तासाला डोक्यावर पुस्तक ठेवून मी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, तिथून परत आले, पुस्तक जागचं हललं नाही. मागून सुजाता ओरडली, “सिस्टर, चीटिंग आहे ही! तिला खांब लावलाय!” अख्खी रांग हसली, मीही हसले आणि त्या दिवसापासून माझ्याकडे सगळ्या पुन्हा सरळ बघू लागल्या.

मग आला तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

जूनमध्येच मला आमच्या ब्लू हाउसची कॅप्टन निवडलं होतं. वार्षिक क्रीडादिनाच्या संचलनात कॅप्टनने हाउसचा झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालायचं. झेंडा हातात घेऊन मैदानाला फेरी मारायची, हे माझं पहिलीपासूनचं स्वप्न. डिसेंबरात तालीम सुरू झाली तेव्हा पी.टी.च्या मिस परेरांनी मला बाजूला घेतलं. त्या मायाळू होत्या. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “नेक्स्ट इयर, माय चाइल्ड. झेंडा जड असतो. हे सगळं निघालं की तू पुढे.”

मी घरी आले, पट्टा काढला आणि कपाटावर फेकला. “मी आता हा घालणार नाही,” आईला सांगितलं. “कधीच नाही. होऊ दे ऑपरेशन.” आईने समजावलं, मग रागावली, मग रडली. दोन दिवस पट्टा कपाटावर होता. तिसऱ्या दिवशी आई ताईंना घेऊन आली.

ताईंनी कपाटाकडे पाहिलं. “वर ठेवलास ते बरं केलंस. खाली कुणाच्या पायात आला असता.” मग पलंगावर बसल्या. “मला सांग, झेंडा धरणारी नेमकं काय करते? मला काही माहीत नाही, आमच्या गावच्या शाळेत झेंडा खांबालाच असायचा.”

मी कपडे वाळत घालायची काठी आणली आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून खोलीत चालून दाखवलं.

“आणि सलामीच्या वेळी?”

“पाहुण्यांच्या समोर आलं की सगळ्या मुली उजवीकडे मान वळवतात.”

“झेंडेवाली?”

“ती नाही. ती समोरच बघते.”

“जराशीही नाही वळवत?”

“अजिबात नाही. तो नियम आहे.”

“बरं,” ताई म्हणाल्या आणि उठल्या. दारापाशी थांबून आईला म्हणाल्या, “चहा राहिला. उद्या पिऊ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचा दवाखाना बंद ठेवला. ताईंच्या दवाखान्याला सुट्टी, ही त्या काळात मुलुंडमध्ये बातमी होती. अकराच्या सुमारास मला वर्गातून बोलावणं आलं. मैदानाच्या कडेला सिस्टर फिलोमिना, मिस परेरा आणि ताई उभ्या होत्या, समोर संचलनाची तालीम चालू होती. सिस्टर वसईकडच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच चाललं होतं.

“मुली छान चालतात हो,” ताई सांगत होत्या. “पण सलामीनंतर रांग तिरकी होते, नाही का?”

मिस परेरा उसासल्या. “एव्हरी इयर! काय करू?”

“झेंडेवालीला मोह होतो. पाहुणे कोण आलेत ते ती हळूच उजवीकडे बघून घेते. डोळे जातात तिकडे पाय जातात आणि तिच्यामागे सगळी रांग.” ताईंनी माझ्याकडे बोट केलं. “तुमच्याकडे एक मुलगी अशी आहे, जिला कितीही मोह झाला तरी मान वळवताच येणार नाही.”

सिस्टर फिलोमिना इतक्या हसल्या की कमरेची जपमाळ खुळखुळली. मिस परेरांना मात्र अजून शंका होती. “बट द वेट, मॅडम? झेंड्याचं वजन?”

“त्याचं मी डॉक्टरांना विचारून आलेय. काठी बांबूची नको, हलकी हवी, आणि ती मधोमध टेकली पाहिजे. मिरवणुकीत निशाण धरणारे कमरेला चामड्याची खोबण लावतात ना? हिच्या कमरेला चामडं आहेच. खोबण तेवढी शिवून घ्यायची.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “पट्टा कुठे आहे तुझा?”

“कपाटावर,” मी म्हटलं.

“मग काढ खाली,” सिस्टर म्हणाल्या. “उद्यापासून तालमीला ये.”

युसुफभाईंनी साकीनाक्याला ती खोबण शिवली, वर हौसेने तिला पितळी कडीही लावली. उरलेले दिवस ताईंनी सोसायटीच्या गच्चीवर माझी रोज तालीम घेतली. आधी सुलट्या दिशेने फेऱ्या, मग उलट्या. “उजवं पाऊल आखूड पडतंय. त्याला जरा मोठेपणा दे. हनुवटी कड्यावर टेकवू नकोस, श्वास पाठीत भर. हां, अस्सं.” विजयाही घाटकोपरहून यायची आणि माझ्यामागे पाहुण्यांना सलामी देत चालायची. पाहुणे म्हणून कठड्यावर गोरेकाकूंची पापडाची ताटं मांडलेली असत.

क्रीडादिनाला मी खोबणीत झेंडा रोवला आणि बँड सुरू झाला. पाहुणे कोण आले होते ते मला आजही ठाऊक नाही, मी त्यांना पाहिलंच नाही. मला दिसत होतं ते फक्त समोरचं चुन्याचं पांढरं वळण. सलामी झाली, वळण आलं, आणि मागून मिस परेरांचा आनंदाने फाटलेला आवाज ऐकू आला, “स्ट्रेट! पर्फेक्टली स्ट्रेट!” आयुष्यात मला उद्देशून हा शब्द तोवर फक्त रागवायला वापरला गेला होता.

रेड हाउसची कॅप्टन नंतर हाताला आलेले फोड दाखवत म्हणाली, “तुझं बरंय यार, तुला खोबण आहे.”

आणि आई? ती प्रेक्षकांत ताईंना कोपराने ढोसत होती, “घेर बघितला का? दोन्ही बाजूंनी सारखा!” आदल्या आठवड्यात तिने छगनभाईंचं दुकान गाठलं होतं, त्यांच्यापुढे बेसनाचे लाडू ठेवले होते आणि माझ्या युनिफॉर्मची एक बाजू मापाने लांब कापून घेतली होती. छगनभाईंनी लाडू खाता खाता एवढंच म्हटलं, “मी सांगत होतो, बेन.”

पट्टा त्यानंतर कपाटावर गेला नाही. वाढ पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी तो उतरवला, तोवर मी तो घातला. झोपेत, परीक्षेत, मावशीच्या लग्नात. कणा सरळ झाला नाही. तो होता तिथे थांबला. ताईंनी म्हटलं होतं तसंच. ऑपरेशनची वेळ आली नाही. विजयाचंही तसंच झालं, ती आज अंधेरीला स्वतःचा नृत्यवर्ग चालवते आणि या ग्रंथासाठी लेख लिही म्हटल्यावर म्हणाली, “लिहायचं तू बघ, मी समारंभात नाचेन.”

मी पुढे शिक्षिका झाले आणि ताई शाळाशाळांतून मुलींच्या पाठींची तपासणी करू लागल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली राबले. ही तपासणी म्हणजे ताईंच्या कामाचा गाभा. मोठ्या झालेल्या मुलींना पाठ दाखवायला सांगितलं की त्या कोमेजतात, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्या मुलींना पातळ गंज्यांवर बंद खोलीत रांगेत उभं करत आणि प्रत्येकीच्या पायांपुढे लिमलेटची गोळी ठेवत. “गुडघे न वाकवता, दोन्ही हातांनी, सावकाश उचला. जी घाई करेल तिची गोळी माझी.” मुली वाकत आणि ताई मागून शांतपणे चालत जात. कुणाची पाठ उंच दिसली तर त्या तिथे काहीच बोलत नसत, चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसत. त्या मुलीच्या आईला निरोप जाई. आणि मग त्या घरी ताई जात, खिडकीपाशी पाठ करून उभ्या राहत आणि म्हणत, “मी बघत नाही. तुम्ही बघा.” अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, इमारती आणि चाळी, मी त्यांच्याबरोबर किती जिने चढले त्याची गणती नाही. आईला आपल्या लेकीची पाठ परक्याने दाखवू नये, तिची तिने पाहावी, हा त्यांचा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

ताई, तुम्हाला आता पंच्याहत्तर पूर्ण होताहेत. तुमचे गुडघे कुरकुरतात, जिना उतरताना तुम्ही कठडा धरता, आणि धरला नाही असं दाखवता. आम्हाला दिसतं हो. बघायला तुम्हीच शिकवलंय.

एक बातमी खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती. मागच्या नवरात्रात मी माहेरी, तुम्ही केव्हाच सोडून गेलेल्या आपल्या सोसायटीत गेले होते. अंगणात भोंडला चालू होता. मुली नव्या, हत्ती आता रांगोळीचा. गाणं अर्ध्यावर आलं तशी एक चिमुरडी ओरडली, “उलटं!” आणि सगळा फेर गर्रकन उलटा फिरला. मी तिला विचारलं, “असं का गं करता?” ती माझ्या अज्ञानाची कीव करत म्हणाली, “आजी, असंच असतं. एकाच बाजूने फिरलं की हत्तीला चक्कर येते.”

तेव्हा या नवरात्रात तुम्ही यायचं. रांगोळीच्या हत्तीशेजारी तुमची खुर्ची ठेवू. “मी काय हत्ती आहे?” असं तुम्ही विचाराल, हो, तोच मान आहे तुमचा. खडखडे लाडू विजया आणणार आहे. आम्ही पट्टेवाल्या पोरी, आता केस पिकलेल्या, तुमच्याभोवती फेर धरू, एकदा सुलटा, एकदा उलटा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तुम्हाला चक्कर येऊ देणार नाही. तुम्ही फक्त निरोगी राहा आणि मध्ये बसून बघत राहा. आणि आमच्यापैकी कुणाचं पाऊल आखूड पडताना दिसलं, तर ताई, तेव्हा ओरडलात तसंच मोठ्याने ओरडा.